नागपूर स्टेशनावरची दहा मिनिटं

नागपूरच्या स्टेशनातून बाहेर पडायला मला पाऊण तास लागला. गाडी वेळेवर आली होती, सामान म्हणजे एकच बॅग, गुडघे शाबूत. तरी पाऊण तास. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण मी एकतीस वर्षं एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. साताऱ्याच्या स्टँडवर जाळीच्या खिडकीमागे बसून ‘वाईकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे’ असं भोंग्यातून ओरडणारा माणूस तो मीच. कुणी कुठं उभं राहायचं हे सांगण्यात उभी हयात गेली. गाडीत शेजारचे गृहस्थ म्हणाले होते, “नागपूरचं स्टेशन मोठं आहे हो, जपून.” मी नुसता हसलो होतो.

उतरलो तर डोक्यावर पाटी, बाहेर जाण्याचा मार्ग. तीन भाषांत. खाली बाण, त्याचं टोक वर. आता वर म्हणजे पुढं, की वर म्हणजे जिना? पुढं गेलो तर नव्या बांधकामासाठी पत्रे ठोकलेले. मागं आलो, जिना चढलो. वर लांबच लांब पूल, आणि तिथं पुन्हा पाटी. आता बाण दोन. एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्हींच्या पुढं ‘बाहेर’. आता बोला!

कठड्याला टेकून एक म्हातारबुवा विडीचं बंडल चाचपत उभे होते. मला दोनदा इकडून तिकडे जाताना त्यांनी पाहिलं असावं.

“कुठं जायचं हाये, काका?”

“बाहेर.”

“बाहेर त जायचं, पन कोनतं बाहेर?”

साठ वर्षांच्या आयुष्यात ‘कोणतं बाहेर’ असं मला कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी समजावलं ते असं: या स्टेशनाला दोन तोंडं. पश्चिमेला मेन साइड, पूर्वेला संत्रा मार्केट साइड. एका बाहेरून दुसऱ्या बाहेर जायचं तर रिक्षानं मोठा वळसा. जावयाचा फोन आला, “बाबा, कुठल्या साइडला उतरताय?” मी म्हटलं, “मी येतोच आहे,” आणि उतरलो तो संत्रा मार्केटला. जावई मेन साइडला. “तिथंच थांबा, हलू नका,” तो म्हणाला. मी कुठला ऐकतोय! पुन्हा पुलावर चढलो. तो इकडे आला तेव्हा मी तिकडे, आणि मी इकडे आलो तेव्हा तो तिकडे. शेवटी भेटलो तेव्हा दोघांचे शर्ट घामानं भिजलेले होते. त्या दिवशी मी एक धडा घेतला, की चुकामूक झाली तर माणसानं जागा सोडायची नाही. हा धडा पुढं मला किती महागात पडणार होता ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

मुलगी रेवती हिचं घर लकडगंजच्या बाजूला. जावई मिहानमध्ये नोकरीला, सकाळी आठला घर सोडतो. घरात त्यांचा लहानगा, माझा नातू, आणि सुमनबाई, रेवतीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई. कुहीकडच्या शेतकऱ्याची लेक, साठीच्या, दोन्ही गुडघे दुखरे. लग्नाला सहा वर्षं झाली तरी आमचं बोलणं ‘नमस्कार’, ‘बरं आहे’ आणि ‘चहा झाला’ यापुढं कधी गेलं नव्हतं. व्याही-विहिणीचं नातं आमच्याकडे फार जपून वागण्याचं. मी खोलीत आलो की त्या पदर सारखा करत, आणि मी उगाच कॅलेंडर वाचायला लागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोहे समोर ठेवले. शेजारी लाल भडक तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा). “थोडी थोडी घ्या, इवाईबुवा,” त्या म्हणाल्या. इवाई म्हणजे व्याही. मी सातारचा गडी, तिखटाला काय भितो? वाटीच पोह्यावर ओतली. पुढची पाच मिनिटं माझ्या नाकाडोळ्यांतून जे पाणी वाहिलं, ते बघून विहीणबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. आतून त्यांचं हसू ऐकू आलं. त्यानंतर मात्र आम्ही जरा मोकळं बोलायला लागलो.

रविवारी जावयाच्या गाडीतून सगळे कुहीकडे गेलो, त्यांच्या माहेरच्या गावी. धान (भात) कापून झालेलं, बांध्यांतून (भातखाचरांतून) नुसते खुंट उभे. विहीणबाई गुडघे धरत एका धुऱ्यावर (बांधावर) येऊन थांबल्या.

“इथूनच शाळेत जात होतो, मी अन् बाई,” त्या म्हणाल्या.

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, शांताबाई. आई लहानपणीच गेली. तेव्हा शांताबाई बारा वर्षांच्या आणि या चारच्या. “मायचं तोंडही आठवत नाई मले. न्हाऊ घालनं, वेनी घालनं, शाळेत नेनं, सारं बाईनंच केलं. मले कोनी विचारलं तुही माय कोन, त मी बाईचं नाव सांगो.”

शांताबाई लग्न होऊन भोपाळला गेल्या. आता त्यांचं हृदयाचं दुखणं वाढलेलं, मुलगा त्यांना ऑपरेशनसाठी चेन्नईला नेणार होता. शुक्रवारी दुपारची गाडी. ती नागपूरला दहा मिनिटं थांबते.

“चार वर्षं झाले पाहिलं नाई तिले,” विहीणबाई म्हणाल्या. “डाक्टर म्हंते, वय झालं, काई सांगता येत नाई. दहा मिनिटं त दहा मिनिटं. डबा घेऊन जातो मी.”

ही डब्याची गोष्ट मला नवी होती. नागपूर देशाच्या मधोमध, उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्या इथून जातात, त्यामुळे घराघरातलं कुणी ना कुणी कुठून तरी कुठं तरी जाताना नागपूरवरून जातं. मग नागपूरकराला तार, चिठ्ठी, आता फोन: अमुक गाडी, तमुक बोगी. की निघाला हा डबा घेऊन फलाटावर. डबा द्यायचा, तोंड बघायचं, गाडी हलली की हात हलवायचा आणि घरी यायचं. आमच्या साताऱ्यावरून कोण जातं? जाणारा आमच्याकडेच येतो. मला ही रीत फार आवडली.

प्रश्न होता बरोबर कोण जाणार. जावयाला सुट्टी नाही, नातू तापानं फणफणलेला, रेवतीला घर सोडता येईना. विहीणबाई म्हणाल्या, “मी जातो एकटी, किती खेपा गेली मी.” पण त्या गुडघ्यांनी तो पूल? मी छाती पुढं काढली. म्हटलं, “मी आहे ना! फलाट, बोगी, वेळ, सगळं माझ्याकडे सोपवा. एकतीस वर्षं दुसरं केलंय काय मी?” रेवतीनं माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं.

शुक्रवारी पहाटे उठून त्यांनी गोळाभात (डाळीचे गोळे घातलेला भात) केला, बेताच्या तेलाचा, तिखट जवळजवळ नाहीच. बरोबर सांबारवडी; नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. डबा पिशवीत, पाण्याची बाटली पिशवीत, आणि साडीला खिसा नसतो म्हणून त्यांचा मोबाइलही त्याच पिशवीत. पिशवी मी घेतली. त्यांनी निळ्या काठाचं लुगडं नेसलं होतं आणि केसांना नीट तेल लावलं होतं. “बाई म्हनंन, केस काहून असे ठेवले,” असं रिक्षात दोनदा म्हणाल्या.

संत्रा मार्केटच्या बाजूनं आत शिरलो. मोठ्या फळ्यावर गाडीचा नंबर, फलाटाचा नंबर, सगळं वाचून घेतलं. बरोबर वाचलं, ते मुद्दाम सांगतो. पूल चढताना विहीणबाई दर दहा पायऱ्यांनी थांबत. आमच्या फलाटावर उतरायला पुलावरून दोन जिने होते, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. आम्ही जो उतरलो त्यानं माझ्या डोक्यातल्या दिशाच फिरवल्या. चेन्नई समोर की पाठीमागे? मी मनाशी म्हटलं, दिशा गेली चुलीत, पाटी आहे ना! फलाटावर जागोजागी लटकलेल्या छोट्या पाट्यांवर बोगीचे नंबर लाल अक्षरांत पेटले होते. आमची बोगी बी-चार. थोडं चाललो आणि समोरच्या पाटीवर बी-चार. जिन्याजवळच बाक रिकामा. लढाई जिंकल्यासारखं वाटलं मला.

“बसा,” म्हटलं. “बोगीचं दार बरोबर तुमच्या नाकासमोर येणार.”

त्या बसल्या, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच. फलाटावरून हातात डबे, पिशव्या घेतलेली चार-पाच माणसं पुढच्या टोकाकडे चालली होती.

“इवाईबुवा, हे डबेवाले लोकं समोर जाऊन राहिले. चेन्नईवालीच्याच असतीन. आपनही जाऊ का तिकडं?”

“अहो विहीणबाई, लोकांच्या मागं कधी जायचं नसतं,” मी म्हणालो. “लोक मेंढरं असतात. पाटी वाचायची आणि पाटीखाली थांबायचं.”

एवढ्यात त्याच फलाटावर एक गाडी आली, थांबली, सुटली. आमची नव्हती. मी विहीणबाईंना एस.टी.चे फलाट कसे ठरलेले असतात ते सांगत होतो. वाईची गाडी जन्मभर तीनवर, कोरेगावची पाचवर, म्हातारी बाईसुद्धा डोळे मिटून जाऊन उभी राहील. त्या सांगण्याच्या भरात मी मान वर करून पाहिलं नाही. लटकत्या पाट्यांवरचे ते नंबर त्या गेलेल्या गाडीचे होते. ती गेली आणि पाट्या बदलल्या. आमच्या डोक्यावर आता बी-चार नव्हतंच. ज्यानं जन्मभर पाट्या बदलल्या त्याला एवढं कळू नये?

आमची गाडी आली. इंजिन गेलं, मग थंड बोग्या, काळ्या काचांच्या. बी-एक, बी-दोन, बी-तीन, आणि बी-चार आमच्या डोळ्यांसमोरून सरकत पुढं निघून गेली. विहीणबाई अर्ध्या उठल्या. “गेली ना वो पुढं!”

गाडी थांबली तेव्हा आमच्यासमोर साध्या डब्यांची दारं आणि आत घुसणारी गर्दी. या गर्दीतून, त्या गुडघ्यांनी, इतक्या बोग्या? आणि मला तो पहिल्या दिवशीचा धडा आठवला.

“तुम्ही इथून हलू नका,” मी म्हणालो. “एक पाऊलही हलू नका, चुकामूक होईल. मी पुढं जाऊन बघतो, भाच्याला तुमच्याकडे पाठवतो.”

त्या बसल्या. मी पिशवी घेऊन पळालो. मी आयुष्यात कधी गाडीमागे पळालो नव्हतो. ट्रॉल्या, ट्रंका, पाय पसरून बसलेली माणसं, मध्येच दुसऱ्या पुलाचा जिना. बी-चारच्या दाराशी पोचेतो निम्मा वेळ गेला होता.

दारात दांडीला धरून एक बारीक, गोऱ्या बाई उभ्या होत्या. पिवळी साडी, केस पांढरे शुभ्र. मागं चाळिशीचा मुलगा त्यांना धरून. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या पाठीमागे बघत होत्या.

“मी रेवतीचा बाप,” मी धापा टाकत म्हणालो. “सुमनबाईंचा व्याही.”

“सुमी कुठी हाये?”

“मागं. बाकावर. जिन्याजवळ बसवलंय.”

“मैं लाता हूँ,” म्हणत मुलानं उडी मारली आणि तो पळाला. मी विहीणबाईंना फोन लावला. माझ्या हातातली पिशवी वाजायला लागली. एवढा मूर्खपणा मी उभ्या जन्मात केला नसेल. शांताबाईंना मात्र हसू आलं. “तशीच हाये सुमी, काई जवळ ठेवत नाई,” म्हणाल्या. ती चूक सुमनबाईंची नव्हती, पण ती मी त्यांच्याच नावावर राहू दिली.

“मी आणतो त्यांना,” म्हणून मी वळलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंड होता आणि थरथरत होता.

“तुमी नका जाऊ. मले एकटीले इथं नका ठेवू.”

मी थांबलो. त्या विचारत राहिल्या. गुडघे फार दुखते का तिचे? नातू तिच्यापाशी निजते का? रागावते का अजून लवकर? मी सांगत राहिलो. डबा हातात दिला, त्यांनी झाकण उचलून वास घेतला, डोळे मिटले. “गोळाभात,” एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तिले सांगा, बाई भेली नाई म्हनून. चांगली हसत होती म्हनून सांगा.”

मुलगा परत आला, एकटाच. जिन्याजवळ सांगितलं म्हणून तो पहिल्या जिन्याशी गेला, तिथं सगळीकडे शोधलं. फलाटावर जिने दोन पुलांचे होते, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. तो पुन्हा पळणार तेवढ्यात सिग्नल पडला.

शांताबाईंनी गर्दीवरून मागं एकवार पाहिलं. मग वाकून माझ्या तोंडावरून, कानांपासून हनुवटीपर्यंत, दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. लेकराची अलाबला घेतात तशी.

“हे तिले द्या,” म्हणाल्या.

गाडी हलली. मुलानं त्यांना आत घेतलं.

मी मागं चालत आलो. गाडीचा शेवटचा डबा माझ्याच बाजूनं निघून गेला. फलाट रिकामा झाला होता आणि विहीणबाई त्या बाकावर, जिथं बसवलं तिथंच, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. चेहरा रडवेला नव्हता. मला वाटलं, त्या चिडतील. चिडायलाच हव्या होत्या.

“भेटली?”

“भेटल्या.”

“मी नाई हलली,” त्या म्हणाल्या. “तुमी म्हनलं होतं ना.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्यापुढं हात जोडले, माझं चुकलं म्हणालो, तेही धड जमलं नाही. मग काय काय बोलणं झालं ते सांगितलं. हसत होत्या, भ्यायल्या नव्हत्या, गोळाभात ओळखला. प्रत्येक वाक्याला त्या मान हलवत होत्या. “अजून?” म्हणाल्या.

ती बोटं मोडल्याचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं कसं? ‘हे तिले द्या’ म्हणून दिलेली वस्तू मी, व्याही, विहिणीच्या तोंडाशी हात नेऊन द्यायची? भर फलाटावर? आणि नुसतं तोंडानं सांगायचं तर तेही कसंसंच वाटलं. “अजून काही नाही,” मी म्हणालो. पूल चढताना त्यांनी पहिल्यांदा माझ्या हाताचा आधार घेतला.

त्यानंतर चौथ्या दिवशी मी परतलो. जाताना बाहेर आणि आत, पूल आणि जिने, प्रत्येक वळणावर माणसांना विचारत गेलो. मेंढरासारखा त्यांच्या मागून चाललो आणि वेळेच्या आधी अर्धा तास माझ्या बोगीसमोर उभा राहिलो. साताऱ्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा मोजके फलाट, एकच बाहेर. सोपं वाटलं. तरी मी तिथं बाकावर बराच वेळ बसलो. शहर बघितलं, तर्री खाल्ली, कुही बघितली, सगळं सांगण्यासारखं होतं. पण मित्र विचारायला लागले की माझ्या तोंडून निघायचं ते त्या दहा मिनिटांचंच. ती माझी नव्हती. दुसऱ्या कुणाची होती आणि मी घेऊन आलो होतो.

पुढच्या आठवड्यात रेवतीचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, पण शांताबाई शुद्धीवर आल्याच नाहीत.

दोन दिवसांनी दुपारी विहीणबाईंचा फोन. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून केलेला.

“इवाईबुवा,” त्या म्हणाल्या, “बाईची ती दहा मिनिटं तुमच्यापाशी हायेत. मले पुन्हा सांगा ना.”

मी सांगितलं. पिवळी साडी. पांढरे शुभ्र केस. दांडीला धरलेला हात. गुडघ्यांचं विचारलं ते, नातवाचं विचारलं ते. वास घेऊन डोळे मिटले ते. हात थंड होता आणि थरथरत होता, हेही या वेळी सांगितलं. मला एकटीला ठेवू नका म्हणाल्या, तेही.

“अजून?”

मग मी सांगितलं, की जाताना त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलांवर बोटं मोडली, आणि हे तिला द्या म्हणाल्या. मला लाज वाटली म्हणून मी दिलं नाही.

“मोडली किती?” त्यांनी विचारलं. “लहानपनी माही दृष्ट काढे तवा मोजत होतो आमी.”

“दहा,” मी म्हणालो. “दहाच्या दहा.”

मी मोजली नव्हती.